विहाराची सांदवाडी : उन्हाळी हंगामाची तयारी

(विहाराच्या वर्धापनदिन समारंभात, माघ महिन्यात, बागेचे काम पाहणाऱ्या स्वयंसेवकांच्या वतीने केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात शिक्षणावर बोलले जाते, संघटनेवर बोलले जाते, नोकऱ्यांवर बोलले जाते. यंदा आयोजकांनी बागेसाठी वीस मिनिटे दिली याचे काहींना नवल वाटले असेल. वांगी-भेंडीवर भाषण काय करायचे, असेही कोणी म्हणाले. त्यांना एवढेच सांगू की पाली भाषेत 'आराम' या शब्दाचा अर्थच मुळी बाग असा आहे. अनाथपिंडिकाने दिलेले जेतवन हा आरामच होता. बिंबिसार राजाने दिलेले वेळुवन म्हणजे बांबूचे बन. मराठीत 'आराम' म्हणजे पाय लांब करून पडणे, पण तो शब्द फारसीतून आलेला. आपल्या विहारामागच्या आरामात मात्र ज्यांनी थंडीत एक रविवार जरी कुदळ मारली, त्यांना दुसऱ्या दिवशी उठवत नव्हते, हे त्यांच्या घरच्यांना विचारा.

सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी व जनावरांसाठी औषधी वनस्पती, मुळे आणि फळझाडे जिथे नव्हती तिथे आणून लावल्याचा आणि रस्त्यांवर विहिरी खोदल्याचा उल्लेख आहे. लावणे आणि विहीर खोदणे या दोन गोष्टी त्या लेखात शेजारी शेजारी आल्या आहेत. आज आम्हाला जे सांगायचे आहे ते याच शेजाराबद्दल आहे.

आधी ही बाग कशाला, ते. आपल्या गोंदिया जिल्ह्यात पाणी कमी पडत नाही. वर्षाला सरासरी १,२०० मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो, पण त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. धान निघाले की बांधीत लाखोरी असते, हरभरा असतो, आणि त्यांच्या कोवळ्या पाल्याची भाजी हिवाळाभर पुरते. मृग लागला की रानभाज्या सुरू होतात, तरोटा तर रस्त्याच्या कडेलाही मिळतो. मधले अडीच-तीन महिने, होळीपासून मृगापर्यंत, हिरवे काही ताटात येत नाही. नेमक्या त्याच दिवसांत बाजारात भाजी महाग असते आणि मजुरीही हाताला नसते. मग वड्या, चण्याची डाळ, आलू, आणि शेवटी चटणी-भात. ज्यांच्याकडे शेत आहे, घराला सांदवाडी आहे, मोटारपंप आहे, त्यांची गोष्ट निराळी. आपल्या वस्तीत घराला घर लागून आहे. मागचे दार उघडले की दुसऱ्याची भिंत. 'उमेद' अभियानातून 'माझी पोषण परसबाग' मोहीम राबवली जाते आणि ती चांगलीच आहे, अनेक बचत गटांनी तिच्यातून भाज्या घेतल्या. पण परसबागेला आधी परस लागते. ज्यांना परस नाही त्यांच्यासाठी विहारामागची ही जागा आहे. तिला आम्ही सांदवाडीच म्हणतो.

आणखी एक कारण बोलून ठेवतो, कारण ते बोलायला लोक लाजतात. पूर्व विदर्भात सिकलसेलचा आजार आहे, आपल्याही वस्तीत आहे, आणि आयाबायांच्या अंगात रक्त कमी असणे हे तर इतके नेहमीचे झाले आहे की त्याला कोणी आजार म्हणतच नाही. पालेभाजी म्हणजे औषध नव्हे. डॉक्टरांनी दिलेली गोळी चुकवायची नाही, आणि बागेतली भाजी खाल्ली म्हणून सिकलसेल बरा होतो असे कोणी सांगितले तर त्याला इथे घेऊन या. पण ज्या बाईच्या ताटात चैत्र-वैशाखात आठवड्यातून तीन दिवस हिरवी भाजी येते, तिचे आणि जिच्या ताटात येत नाही तिचे अंग सारखे राहत नाही, हे समजायला डॉक्टर व्हावे लागत नाही.

आता तयारीकडे येऊ. बागेची तयारी म्हटले की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर खोदकाम येते. फावडी, सब्बल, घमेली काढली, चार पोरे लावली, माती उलथवली, फोटो काढला. आपल्या भागात अशा किती बागा आम्ही पाहिल्या. जूनमध्ये थाटात सुरू झालेल्या, दिवाळीपर्यंत हिरव्यागार, आणि वैशाखात बघायला जावे तर नुसते कुंपण उभे. जमीन वाईट नव्हती, बी वाईट नव्हते, माणसेही कामचुकार नव्हती. वाफे हिवाळ्यातल्या पाण्यावर पाडले होते आणि माणसे हिवाळ्यातल्या सवडीवर मोजली होती. उन्हाळ्यात दोन्ही आटतात. म्हणून आम्ही यंदा कुदळ हातात घेण्याआधी दोर हातात घेतला.

गेल्या वैशाखात, बाग ठरण्याच्याही आधी, आपल्या विहिरीत हात-हात अंतरावर गाठी मारलेला दोर सोडून पाणी किती खाली जाते ते काहींनी पाहून ठेवले होते. संध्याकाळी उपसा केला तर सकाळपर्यंत किती झरते, तेही. त्यावरून एक गोष्ट स्पष्ट झाली. पिण्याचे पाणी सर्वांना पुरून बागेसाठी रोज साधारण ४०० लिटर काढता येतील, त्याहून जास्त नाही. आणि पिण्याचे पाणी आधी, बाग नंतर, यावर चर्चा नाही. ज्या समाजाने २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्या समाजाच्या विहिरीवर कोणाला 'थांब, आधी आमच्या भेंडीला घालू दे' असे ऐकावे लागू नये. वस्तीबाहेरच्या लोकांनाही नाही.

मग ४०० लिटरमध्ये किती वाफे? हिशेब सोपा आहे, शाळेतल्या मुलांनीच केला. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. आपला वाफा दहा फूट लांब, तीन फूट रुंद, म्हणजे पावणेतीन चौरस मीटरच्या आसपास. वैशाखातल्या उन्हात, पारा ४२-४४ अंशांवर असताना, भाजीच्या वाफ्याला रोज सहा-सात मिलिमीटर तरी लागतात. म्हणजे वाफ्यामागे १७ ते २० लिटर. चारशे भागिले वीस, वीस वाफे. जागा चाळीस वाफ्यांची आहे. निम्मी रिकामी ठेवायची म्हटल्यावर बैठकीत बराच आवाज झाला. एवढी जागा मिळाली, ती पडीत ठेवायची काय? तरुणांना राग आला, आणि त्यांचा राग चुकीचा नव्हता. ज्यांच्या बापजाद्यांना कधी जमीन मिळाली नाही, त्यांना जमीन रिकामी ठेवा म्हणणे जड जाते. तरीही आम्ही वीसच वाफे पाडले. उरलेल्या अर्ध्या जागेवर तणस पसरून ठेवली आहे. पहिल्या पावसाला तिथे ढेंचा टाकू, फुलावर आला की मातीत गाडू, आणि हिवाळ्यात त्या अर्ध्या भागाची पाळी.

हे शहाणपण आम्ही शोधलेले नाही. आपल्या जिल्ह्यातले तलाव पाहा. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने हे तलाव बांधले. नवेगावबांधचा एवढा मोठा तलाव कोलू पाटील कोहळी यांच्या नावाने ओळखला जातो. कोणता उतार कुठे अडवायचा, पाळ किती उंच घालायची आणि खाली किती बांध्या भिजतील, याचा अंदाज पाळीवर पहिली टोपली पडण्याआधी झालेला असे. पाणी सोडायच्या आधी वाटप ठरत असे. पुढे १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली. ती गेली हे चांगलेच झाले, तिच्याबद्दल हळहळण्याचे आपल्याला काही कारण नाही. पण तिच्याबरोबर तलावांची गावातल्या गावात होणारी डागडुजीही गेली आणि कित्येक तलाव गाळाने व बेशरमाने भरले. अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर समाजाच्या बायांनी हे तलाव पुन्हा कसे हाती घेतले ते आपल्यापैकी काहींनी पाहिले असेल. मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांच्या सोबतीने त्यांनी तलावातला बेशरम उपटला, पाणी उतरल्यावर तलावाची जमीन नांगरली, आणि पावसाआधी देशी पाणवनस्पती आणून लावल्या, जेणेकरून माशांना खायला आणि अंडी घालायला जागा मिळावी. ती पाण्याखालची बागच म्हणायची. तिचीही तयारी उन्हाळ्यात होते, आणि फळ पाऊस पडल्यावर मिळते.

बेशरमावरून आठवले. कुंपणाला बेशरमाच्या काड्या फुकट मिळतात म्हणून कोणीतरी भाराभर आणून ठेवल्या आहेत. त्या कृपया परत न्या. ओल्या जमिनीत त्या मूळ धरतात आणि दोन वर्षांत बाग त्यांची होते. कुंपण बोराट्यांचे आणि बांबूचे. शेळ्या-डुकरांना ते पुरते. वानरांना कोणतेच कुंपण पुरत नाही. त्याला एकच इलाज, दुपारी कोणीतरी झाडाखाली बसलेले असणे.

माती. विहाराचे बांधकाम झाले तेव्हाचा सगळा मलबा मागच्या बाजूला पडला होता. विटांचे तुकडे, चुना, सिमेंटचे ढेकूळ. सिमेंट-चुन्याची माती भाजीला मानवत नाही, म्हणून पौष महिन्याचे चार रविवार नुसता मलबा वेचण्यात गेले. हे काम कोणाच्या डोळ्यांत भरत नाही आणि फोटोतही येत नाही, पण खरी मेहनत तिथेच झाली. खालची जमीन सिहार निघाली, पिवळसर, रेताड, पाणी न धरणारी. कन्हार असती तर वेगळे केले असते. सिहारात तलावाचा गाळ घातला तर ती पाणी धरते. आता माघात तलावात पाणी आहे, गाळ मिळणार नाही. तो गेल्या उन्हाळ्यात, तलाव आटला तेव्हा, ग्रामपंचायतीला विचारून आणून ठेवला होता. तीन घमेली माती, एक घमेले गाळ, एक घमेले कुजलेले शेणखत, हे आमचे माप. शेणखत कुजलेलेच हवे. उन्हाळ्यात कच्चे शेण टाकले की उधई लागते आणि ती शेण संपवून झाडाच्या मुळाशी जाते.

काही जणांनी राईस मिलचा भुसा आणून दिला. गोंदियाला भुशाची काय कमी! भुसा वरून पसरायला ठीक आहे, मातीत कालवू नका, तो वर्षानुवर्षे कुजत नाही आणि कुजताना मातीतलेच सत्त्व खातो. त्यापेक्षा तणस चांगली. प्रत्येक वाफ्यावर चार बोटे जाड तणस पसरली की पाणी उडून जात नाही आणि मुळांना चटका लागत नाही. जे धानाचे तणस जाळतात त्यांनी एक-एक भारा इथे आणून टाकावा, ही विनंती.

वाफ्यांबद्दल एक वाद झाला तो सांगितला पाहिजे. पुस्तकात, चित्रात सगळीकडे उंच गादीवाफे दिसतात. आपल्या काही शिकलेल्या मुलांनी तसेच पाडायला घेतले होते. पावसाळ्यासाठी ते बरोबर आहे, मुळाशी पाणी साचत नाही. उन्हाळ्यात मात्र उंच वाफा चारी बाजूंनी वाळतो. आपल्या म्हाताऱ्या माणसांना हे पाठ आहे. त्यांनी वाफे जमिनीपेक्षा चार बोटे खोल घेतले आणि कडेला लहानशी पाळ घातली. ओतलेले पाणी आतच राहते. वेलांच्या आळ्यांत तर मातीची मडकी पुरली आहेत, गळ्यापर्यंत, तोंडावर झाकणी. मडके भरून ठेवायचे, पाणी झिरपत झिरपत मुळाला लागते. दोन दिवसांनी पुन्हा भरायचे. मडके नवे असावे, रंग न दिलेले. रंगवलेल्या मडक्यातून पाणी झिरपत नाही.

आता काय लावायचे आणि कधी. आपल्याकडे माघाच्या सुरुवातीपर्यंत रात्री कडाक्याची थंडी असते. गोंदियाचा पारा हिवाळ्यात १० अंशांखाली जातो हे आपण वर्तमानपत्रात वाचतोच. त्या थंडीत भेंडीचे बी जमिनीत पडून राहते, उगवत नाही, मुंग्या नेतात. उशीर केला तरी फसगत. फाल्गुन सरता सरता लावलेल्या लौकी-काकडीच्या वेलाला तापलेल्या उन्हात नर फुलेच जास्त लागतात, वेल मांडवभर पसरतो आणि फळ दिसत नाही. म्हणजे हाताशी दोन-तीन आठवडेच आहेत, आणि ते हेच. वेलांची रोपे आम्ही दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत माती भरून विहाराच्या दक्षिणेकडच्या भिंतीशी, उन्हात, आधीच वाढवायला ठेवली आहेत. लौकी, दोडका, काकडी, कारले. कारल्याचे बी टणक, ते एक दिवस-रात्र पाण्यात भिजवून लावले. पुढच्या आठवड्यात भेंडी, बरबटी आणि गवार सरळ वाफ्यात टोकू. भेंडी 'परभणी क्रांती' घेतली आहे, परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेली जुनी जात. पांढऱ्या माशीमुळे भेंडीची पाने पिवळी पडून शिरा उठतात तो रोग ती बऱ्यापैकी सोसते, आणि संकरित नसल्यामुळे तिचे बी पुढच्या वर्षी ठेवता येते. भेंडी दीड महिन्यात सुरू होते. म्हणजे चैत्रात, जयंतीच्या सुमारास, पहिली तोडणी हाती यावी.

पालक आणि सांबार हवा असा महिला मंडळाचा आग्रह आहे. सांबाराला मांडवाखालच्या सावलीत एक वाफा ठेवला आहे, पण त्याची खात्री कोणी मागू नये. पालक उन्हाळ्यात लगेच तुऱ्यावर जातो, तो नको. त्याच्या जागी लाल माठ, चवळाई, अंबाडी आणि पोईचा वेल. या भाज्यांना ऊन मानवते, आणि माठ-चवळाई तर तीन-चार आठवड्यांत कापायला येतात. ज्या घरी वैशाखात हिरवे लागते त्यांच्यासाठी खरा आधार या चार भाज्यांचाच आहे, वांगी-भेदऱ्यांचा नाही.

बियाण्याची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. निम्मे बी वस्तीतल्या घरांतून आले. चुलीवरच्या छपराला लटकवलेल्या लौकीतले, राखेत घोळून डब्यात ठेवलेले, लुगड्याच्या गाठीत बांधलेले. प्रत्येकातले वीस-वीस दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून पाहिले. पंधराच्या वर उगवले ते ठेवले, दहाच्या आत उगवले ते दुप्पट टाकायचे असे ठरवले. हे सगळे काम वस्तीतल्या एका वयस्क मावशींनी केले. त्या एकट्या राहतात. भाजी कोणाकोणाच्या घरी आधी पोचवायची याची यादी करताना त्यांचे नाव पहिले घातले होते. त्या बैठकीत उठल्या आणि म्हणाल्या, "फुकटची भाजी मले नाही पायजे. पानी वाहू शकत नाही मी, पन बी निवडू शकतो ना." त्या दिवसापासून बियाण्याचा डबा त्यांच्याकडे आहे आणि किल्लीही त्यांच्याकडे आहे.

वाटपाचा प्रश्न मात्र एवढ्या सहज सुटला नाही. तीन मते होती. जो राबेल त्याने न्यावे, हे पहिले. विहाराची जागा, म्हणून सगळ्या घरांना सारखे, हे दुसरे. सगळे विकून पैसे विहाराच्या सभागृहाला लावावे, हे तिसरे, आणि ते म्हणणारी माणसे विहाराच्या कामात आयुष्य घातलेली आहेत, त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेता येत नाही. दोन बैठका झाल्या. ठरले ते असे. तोडणी झाली की सगळी भाजी एका चटईवर. तिथून पहिली वाटणी आजारी माणूस, बाळंतीण, गरोदर बाई किंवा एकटे म्हातारे माणूस असलेल्या घरांना. दुसरी वाटणी त्या आठवड्यात पाळी केलेल्यांना. उरले तर रविवारच्या वंदनेनंतर दारात, बाजारापेक्षा कमी भावाने, आणि त्या पैशातून दोर, बकेटी आणि बी. सभागृहाला यातून काही मिळणार नाही, हे स्पष्ट सांगून टाकले. ज्यांना ते रुचले नाही तेही मलबा वेचायला आले, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत.

वीस वाफे, चार पिकांचा मांडव, हे सारे ठीक. पण पाणी कोण घालणार? चारशे लिटर म्हणजे १५ लिटरच्या सत्तावीस बकेटी, रोज, जेठापर्यंत. विहिरीतून ओढायच्या आणि वाफ्यापर्यंत न्यायच्या. माघात आज इथे हात वर करायला सांगितले तर पन्नास हात वर येतील. पण आपले उन्हाळ्याचे वेळापत्रक आपल्याला ठाऊक आहे. इटियाडोहसारख्या धरणांच्या पाण्यावर जिथे उन्हाळी धान आहे, तिथे आत्ता रोवणी सुरू आहे आणि बाया सकाळीच निघतात. फाल्गुन-चैत्रात मोहफुले, त्यासाठी पहाटे जंगलात. नंतर तेंदूपत्ता, तोही पहाटेच. मध्ये १४ एप्रिल, त्याची तयारी आधीचे आठ दिवस. मग लग्नसराई, मग बुद्ध पौर्णिमा. आणि जे तरुण आज सर्वात जोरात कुदळ मारतात त्यांतले निम्मे होळीनंतर कामाला नागपूरला किंवा त्याहून दूर गेलेले असतील. यात कोणाचा दोष नाही, पोट आहे. पण त्यांच्या भरवशावर वैशाखातली बाग मांडता येत नाही.

म्हणून पाळ्या लावताना आम्ही आज कोण हजर आहे ते पाहिले नाही, वैशाखात गावात कोण असेल ते पाहिले. म्हातारी माणसे आणि शाळेची पोरे. त्यांच्यावरून सगळे ठरवले. सकाळी पाणी घालायचे नाही, संध्याकाळी ऊन उतरल्यावर घालायचे, म्हणजे जंगलातून आलेल्या बायांनाही जमते. पंधरा लिटरची बकेट मुलांना झेपत नाही, म्हणून तेलाचे पाच लिटरचे रिकामे डबे गोळा केले, तळाला खिळ्याने भोके पाडली, आणि तेच झारे झाले. विहिरीतून ओढण्याचे काम मात्र मोठ्यांनीच करायचे, मुलाने विहिरीच्या काठावर चढायचे नाही, हा नियम आहे आणि तो मोडलेला दिसला तर त्या दिवशी पाणी घालणे बंद. एका पाळीत दोन मोठे आणि चार मुले. आठवड्यातून एकाच्या वाट्याला एकच संध्याकाळ. त्याहून जास्त कोणाकडून मागायचे नाही, मागितले की माणूस यायचा थांबतो.

मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातला ओला कचरा कुजवून भाजी आणि फळझाडे वाढवली, त्यातून पुढे 'अर्बन लीव्ह्ज' हा स्वयंसेवकांचा गट उभा राहिला. त्यांच्यापुढे कोल्हापूरच्या श्रीपाद अच्युत दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराचा आदर्श होता. दाभोळकर गणिताचे शिक्षक. झाडाला किती पान, किती ऊन, किती माती लागते याचा हिशेब ते शेतकऱ्यांना शिकवीत. क्युबात १९९० नंतर बाहेरून येणारे तेल आणि खत झपाट्याने घटले तेव्हा हवाना शहरातल्या मोकळ्या जागांवर लोकांनी भाजी पिकवून पोट भरले. मुंबईची गच्ची वेगळी, हवाना वेगळे, आपली वस्ती वेगळी. तिथे नळाला पाणी असेल, इथे दोराच्या गाठी मोजाव्या लागतात. पण जागा नसलेल्यांनी मिळून एक जागा केली हे तिन्हीकडे सारखे आहे, म्हणून सांगितले.

कीड पडल्यावर काय करायचे यासाठी वेगळा वेळ लागेल, तो आज घेत नाही. एवढेच की पाच किलो निंबोळी कुटून १०० लिटर पाण्यात अर्क करायचा तर निंबोळी आज झाडावर नाही, गेल्या पावसाळ्यात वाळवून ठेवलेली लागते. ती ज्यांच्या घरी असेल त्यांनी मावशींच्या डब्यात आणून टाकावी. दुकानातले औषध फवारायचे नाही, कारण पाने तोडायला लहान मुले येतात.

येत्या रविवारी वंदनेनंतर कुंपणाचे राहिलेले काम आहे, साधारण चाळीस हात. बोराट्या ओढायला जाडे गोणपाट आणा, नुसत्या हाताने धरू नका. ज्यांच्या घरी जुना डोल किंवा चांगल्या स्थितीतला काथ्याचा दोर पडून असेल त्यांनी तोही आणावा, आपला दोर एका जागी झिजला आहे. भेंडीचे बी शनिवारी रात्री भिजवायचे आहे, ते काम महिला मंडळाने घेतले आहे. पाळ्यांचा कागद विहाराच्या दाराजवळ लावला आहे. त्यात माघ आणि फाल्गुनाच्या सगळ्या संध्याकाळी भरल्या, चैत्रही बहुतेक भरला. वैशाखातल्या अकरा संध्याकाळी अजून रिकाम्या आहेत, आणि त्यातल्या चार लग्नाच्या दाट तिथींच्या आहेत. जे लग्नाला जाणार नाहीत, किंवा ज्यांना जाऊन सहाच्या आत परत येता येईल, त्यांनी जेवायला बसण्याआधी त्या चार ओळी पाहाव्यात. पेन दोरीने बांधून ठेवला आहे.

जयभीम.